रविवारी बंद असणारी ऑफिसं

बाबा,

तुम्हाला साताऱ्याला फोनवर मी एवढंच सांगितलंय, की बँकेतली नोकरी सोडून मी लोकांना पायी जुनं कोलकाता दाखवते. ते खरंच आहे. फक्त येत्या रविवारपासून वाटेत आम्ही चार जुन्या बारमध्ये थांबणार आहोत. एकेका ठिकाणी थोडी थोडी घ्यायची आणि पुढे चालायचं, डलहौसी चौकापासून थेट गंगेच्या घाटापर्यंत. वाट मी आखली, आणि सगळ्या जागा भरल्यासुद्धा.

खरं तर वाट तुमचीच. तुमची इथे बदली झाली तेव्हा दर रविवारी तुम्ही मला याच रस्त्यांनी घाटावर न्यायचात. प्रत्येक इमारतीचे खांब, घड्याळं दाखवायचात. काही दारांपुढून मात्र माझा हात घट्ट धरून भरभर चालायचात. मी विचारलं की म्हणायचात, "ते ऑफिस आहे. रविवारी बंद असतं." त्या बंद ऑफिसातून पियानो ऐकू यायचा आणि तळलेल्या माशांचा वास यायचा.

ती दारं मला अजून पाठ आहेत. बार शोधायला कोणाला विचारावंच लागलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तुमच्या मनाला लागेल. पण काल ओळखीच्या चौघांना घेऊन तालीम केली. घाटावर पोचल्यावर त्यांतल्या बिमानदांनी विचारलं, इतकी नेमकी वाट तुला दाखवली कोणी?

मी ताठ मानेने म्हटलं, "माझ्या बाबांनी. त्यांनी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही."

बंद ऑफिसांची वारसदार,
नूपुर