मातीच्या बाईचा चेहरा

कुंगशिएनच्या भट्टीवरून,
आठवा महिना, पौर्णिमा उलटून गेल्यावर

प्रिय दादास,
धाकट्या रुईन्यांगचा वाकून नमस्कार.

तू लपूनछपून शिकवलेल्या अक्षरांवर भागवते आहे, हसू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? लोयांगला थंडी लवकर पडते, पाय उघडा टाकून झोपू नकोस. इकडे बाजरी बरी आली. माझे दिवस भरत आलेत. पाय सुजतात, बाकी ठीक. हे फार जपतात मला. परवा न मागता लाल बोरं आणली, बिया काढून दिली.

लिहायचं कारण म्हणजे, त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या थडग्यासाठीचा माल आज निघाला. तुमच्याच दुकानी येईल आणि थडग्यात मांडायलाही तूच उतरशील. मातीचे घोडे झकास झालेत. उंटांवर हिरवा-पिवळा रंग असा काही ओघळलाय की बघत राहावं. सगळ्यात मागे पेंढ्यात एक बाई उभी आहे. तिचा चेहरा नीट बघ.

दादा, ती मी आहे.

चेहऱ्याला झिलई दिली तर ओघळून नाकडोळे बुजतात, म्हणून तो कोरा भाजून मागाहून कुंचल्यानं रंगवतात. ते काम ह्यांचं. आणि जिवंत माणसाचा चेहरा द्यायचा नाही, नाहीतर मेलेला त्या माणसाला सोबत नेतो, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. लहानपणी मी गंमत म्हणून एका मूर्तीशेजारी तिच्यासारखी उभी राहिले, तर बाबांनी काय कानाखाली काढली होती.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हाताला सवय झाली असेल, रोज माझंच तोंड बघतात ना. हे भट्टीकडे गेल्यावर ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर चेहरा परत जागेवर. ओठाखालचा तीळसुद्धा.

मग मात्र पुसलं नाही. जेवताना विचारलं, "हे काय केलंत?"

"ज्योतिषी म्हणाला, या खेपेला आई नाहीतर बाळ, दोघांतलं एक जाणार," हे पेजेच्या वाटीत बघत म्हणाले. "म्हटलं, मातीची नेऊ दे. तू राहशील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती वेडा माणूस, असं वाटलं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तिला खोटं कशाला सांगतोस? आधीची दोन बाळं गेली. या खेपेला बाळ राहू दे म्हणून मीच करायला सांगितलं."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. नाही म्हणतील, आईवर ओरडतील. ते पेज प्यायले आणि वाटी धुवायला उठले.

तेव्हापासून घास उतरत नाही. हे पाठ चेपायला बसले की अंग आकसतं. बाळ लाथ मारतं, तरी दचकते. त्याचा काय दोष?

दादा, थडग्यात उतरशील तेव्हा अंगठा ओला कर आणि तो चेहरा पूस. कच्चा रंग आहे, लगेच निघेल. पकडला गेलास तर फटके बसतील, हे कळून मागते आहे. दुसरा चेहरा काढू नकोस, कोराच राहू दे. आणि पुसून झालं की गाडी घेऊन मला न्यायला ये. बाळंतपण तुझ्याकडे होऊ दे, गोठ्यात का होईना.

ज्योतिषी खरा असेल तर मी काय मागते आहे, ते मला कळतं. त्यावर खूप विचार केला. आई होणाऱ्या बाईनं म्हणू नये असं हे, म्हणून तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. मला मरायचं नाही रे.

तू येईपर्यंत दाराकडे तोंड करून बसणारी,
तुझी रुईन्यांग