विहिरीतल्या खेकड्याचा सत्कार

प्रति,
मा. संचालक,
दृक्-श्राव्य अध्यापन कक्ष,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : भूगोलाच्या ॲनिमेशन व्हिडिओची मूळ प्रत परीक्षेपूर्वी पोर्टलवर चढवणेबाबत.

संदर्भ : 'सुधारित व्हिडिओ मंजूर' असे कळवणारे आपले दि. २८ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

मी पाथर्डी तालुक्यातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. माझ्या वर्गातील निम्मी मुले दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी मी चार मिनिटांचा व्हिडिओ तयार केला. त्यात एक खेकडा विहिरीत उतरतो, माती, मुरूम, खडक खरवडत पाणी कुठून पाझरते ते दाखवतो आणि प्रत्येक थराला एकदा तरी आपटतो. वर्गात दाखवला तेव्हा मुले हसली आणि थरही न चुकता सांगू लागली.

तो पोर्टलसाठी आपल्याकडे पाठवल्यावर आपल्या समितीने त्याचे जे केले, ते पाहून किळस आली. शब्द जपूनच वापरतो आहे.

१. सुरुवातीला मान्यवरांचे फोटो, दीपप्रज्वलन, स्वागतगीत व शाल-श्रीफळ घातले. यात तीन मिनिटे दहा सेकंद गेली. लांबी वाढू नये म्हणून मुरूम आणि खडक काढून टाकले. विचारले तर "प्रथा आहे" एवढेच उत्तर मिळाले.

२. खेकड्याचे तिरके चालणे 'शिस्तीस बाधक' ठरवून त्याला सरळ चालवले.

३. त्याचे आपटणे 'अशोभनीय' म्हणून वगळले. उलट त्याला फेटा बांधून समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचाच सत्कार दाखवला आहे. त्याच्या नांगीत नारळ आहे. विहिरीत पाणी मात्र कुठेच नाही. हे शिकवणे म्हणून मुलांपुढे ठेवायची मला शिसारी येते.

माझी विद्यार्थिनी निकिता ढाकणे सध्या ऊसतोडीच्या तळावर आहे. रेंज मिळावी म्हणून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून व्हिडिओ पाहते. तिचा फोन आला : "सर, तीनदा बघितला. सत्कारच संपंना. खडकाचं कुठं हाय? आमी पेपरात काय लिहायचं?" पेपर १८ तारखेला आहे. यंदा ती नापास झाली, तर कॉलेज बंद आणि हातात कोयता, असे तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितले आहे.

तरी मूळ व्हिडिओ तात्काळ चढवावा. तेही नियमात बसत नसेल, तर शेवटी 'निर्मिती : प्रा. वाल्मिक फुंदे' अशी पाटी येते, ती तरी काढावी. तळावरची मुले ती वाचतात. आपली अशी थट्टा सरांनीच केली, असे त्यांना वाटेल.

आपला, अजून तरी नम्र,
वाल्मिक अजिनाथ फुंदे
पाथर्डी, जि. अहिल्यानगर
दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत : मूळ व्हिडिओचा पेनड्राइव्ह. सुधारित व्हिडिओ जोडलेला नाही. तो मला पुन्हा उघडवला नाही.