द्वारकाताईंचं जहाज बुडवायचं!

रविवार, २ मार्च

हरले. सलग तिसरा रविवार! आणि कुणाकडून, तर द्वारकाताईंकडून — माझ्या विहीणबाई, दिव्याच्या सासूबाई, काशीगावच्या मालकीणबाई.

खेळ त्यांनीच आणलाय, चांदणीच्या नवव्या वाढदिवसाला. पटावर समुद्र, बेटं, प्रत्येकाचं एक चाच्यांचं जहाज. बेटांवरून खजिन्याच्या पेट्या उचलायच्या, चार पेट्या आपल्या बंदरात आणल्या की जिंकलं. वाटेत दुसऱ्याने लुटलं तर लुटलं. दिव्या आणि जावई रविवारी आठवड्याची कामं उरकतात, म्हणून खेळायला आम्ही तिघीच — चांदणी आणि तिच्या दोन आज्या.

आज माझ्या तीन पेट्या अगदी बंदराच्या तोंडाशी गेल्या. पटावरचा वाऱ्याचा बाण फिरला आणि बाई आल्याच! वर टाळी वाजवून म्हणतात, "वारा बघावा विहीनबाई! खाडीवर जनम गेला आमचा." मिठागरं होती ना यांची. म्हणून काय माझ्या पेट्या यांच्या?

पेणकरपाड्याहून, दिव्याच्या घरून, माझ्या घरापर्यंत रिक्षात दात आवळून बसले होते. जबडा दुखतोय.

बुधवार, ५ मार्च

लिहूनच टाकते. अकरा वर्षं कुणाला बोलले नाही.

दिव्याचं लग्न. विहिणीची पंगत बसायच्या आधी मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे. रीत आहे, ठीक. मी नवी साडी सावरत परात घेऊन खाली बसले. द्वारकाताईंनी अंगठा बुडवला आणि पाय मागे घेतला. "पानी कोमट करून आना." सगळ्या पंगतीदेखत! मी परात उचलून हॉलच्या या टोकापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. पाणी सांडून साडी भिजली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमचे हे कोपऱ्यात मान खाली घालून उभे.

घरी आल्यावर म्हणाले, "मुलीची बाजू आपली, शैला. सोसायचं." सोसलं. आता हे जाऊनसुद्धा सहा वर्षं झाली. पण पटावर ना मुलाची बाजू असते ना मुलीची. तिथे नाही सोसणार!

शनिवार, १५ मार्च

द्वारकाताईंचा दर शनिवारचा ठरलेला फोन आलाच. "येता ना उद्या? तुमच्याबिगर अडतंय."

अडणारच! कापायला बकरा नको?

रविवार, १६ मार्च

हरले. पण आज त्याहून मोठं घडलं.

मे महिन्याचा विषय निघाला. आजोळ म्हणजे आईचं माहेर, हे जगाला माहीत आहे. पण माझी नात दरवर्षी मे महिना काशीगावला. तिथे अंगण आहे, चुलतभावंडं आहेत, आंब्याचं झाड आहे. माझ्याकडे काय, दोन खोल्या आणि ग्रिल. माझ्या वाट्याला दोन दिवस, तेही पाहुण्यांसारखे. आज मी म्हटलंच, "यंदा चांदणी माझ्याकडे." द्वारकाताई म्हणाल्या, "आमच्या घरची पोर हाय ती." झालं! वाजलंच.

दिव्या स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. "दरवर्षी तेच! आता बास. परीक्षा संपली की वीस एप्रिलला खेळा. जिंकेल तिच्याकडे अख्खा मे."

जावई हसले. चांदणी ओरडली, "डन! फायनल मॅच!"

मी हसले नाही. द्वारकाताईही हसल्या नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

दिव्याला सांगून नियमांच्या पुस्तिकेचे फोटो मागवले. चौदा पानं. दिव्याने खाली लिहिलंय — आई, खेळ आहे, पानिपत नाही.

तुला काय माहीत!

तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात परिपत्रकं वाचलीत मी. त्या बाई एक ओळ वाचत नाहीत. पत्त्यांवर काय लिहिलंय तेसुद्धा चांदणीला विचारतात.

गुरुवार, २० मार्च

सापडलं! पान अकरा. दोन जहाजं दोस्ती करू शकतात. मग ती शेजारी बांधायची, एकाच्या पेट्या दुसऱ्यावर ठेवता येतात. पण एकाकडे 'दगा'चा पत्ता असेल, तर तो टाकून आपल्या जहाजावर असलेलं सगळं गिळता येतं.

वहीत लाल पेनाने उतरवून ठेवलं. दोनदा.

रविवार, ६ एप्रिल

गोड वागायला लागलेय. आज त्यांना मऊ उशी दिली पाठीला. त्यांनी डब्यातून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. जेवले. चटणी चांगली होती, पण म्हणून काय झालं!

मुद्दाम हरले.

शनिवार, १९ एप्रिल

"येता ना उद्या?"

येते हो. येतेच!

रविवार, २० एप्रिल

बुडवली!!

पहिल्यापासून लिहिते, एकही चाल विसरायची नाहीये. तिसऱ्याच फेरीला 'दगा' माझ्या हाती आला. चेहरा दगडाचा ठेवला. अर्धा डाव झाल्यावर म्हटलं, "द्वारकाताई, दोस्ती करू या का?" बाईंचं तोंड असं उजळलं! "आता कशा सोयऱ्या शोभतो!" म्हणाल्या. चांदणीच्या केसांचा रबर काढून दोन्ही जहाजं स्वतःच्या हाताने बांधली. त्यांच्या तीन पेट्या होत्या. वारा माझ्या बंदराकडे होता, तर स्वतःहून म्हणाल्या, "ठेवा तुमच्या होडीत. तुमची न् माझी येगली हाय का?"

ठेवल्या. तिन्ही. माझी एक होतीच.

मी पत्ता टाकला. चांदणीने मोठ्याने वाचला, "दगा!" आणि किंचाळली. मी चारही पेट्या माझ्या बंदरात लावल्या. आणि अकरा वर्षं जिभेखाली धरलेलं वाक्य, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलले — "काय द्वारकाताई, पाणी कोमट आहे ना?"

दिव्याच्या हातातली इस्त्री थांबली. तिला माहीत होतं तर!

द्वारकाताईंनी माझ्याकडे बघितलं. भांडतील असं वाटलं होतं, मी तयारीत होते. भांडल्या नाहीत. जहाजांवरचा रबर काढला, चांदणीचे केस परत बांधून दिले आणि म्हणाल्या, "मे मयना तुमचा." चप्पल घालून गेल्या. जेवायला थांबल्या नाहीत.

फिटला हिशेब!

सोमवार, २१ एप्रिल

सकाळपासून तीनदा चहा केला. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आठवतो आणि बरं वाटतं.

शनिवार, २६ एप्रिल

आज फोन आला नाही. सहा वाजल्यापासून मोबाइल हाताशी ठेवून का बसले होते कोण जाणे.

गुरुवार, १ मे

चांदणी आली! बॅग, सायकलचं हेल्मेट, आणि खेळाचा खोका. "काशीआजीने दिलाय, म्हणाली शैलाआजीकडे ठेव."

जिंकलेल्याकडे खजिना. बरोबर आहे.

शनिवार, ३ मे

दोन दिवस आइस्क्रीम, बाग, टीव्ही. आज मी म्हटलं, "चल, मांड पट. आता बघ तुझी आजी कशी खेळते!"

चांदणी म्हणाली, "पण आपण दोघीच आहोत ना."

"मग?"

तिने खोका उलटा करून झाकणावर बोट ठेवलं. खेळाडू ३ ते ५. चौदा पानं पाठ केली मी, आणि झाकण एकदाही बघितलं नाही! शेजारच्या उर्मिलाला विचारलं, ती गावाला निघालीय. चांदणीने एकटीने जहाजं मांडली, थोडा वेळ बाण फिरवला आणि पट मिटून ठेवला.

"काशीआजीला बोलवू?" विचारत होती.

मी म्हटलं, बघू. मी नाही फोन करणार. मुळीच नाही.

रविवार, ४ मे

केला फोन. म्हटलं, तिसरं माणूस लागतंय, आम्हाला माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. दुकानात दोघांचा पन व्हता. मीच बोलले, तिघींचा द्या. इवाई, तुमचं मालक, गेल्यापासून तुम्ही रविवारच्या एकट्याच असता ना घरी. दोघांचा आनला असता तर तुम्हाला बोलवायचं निमित काय?"

मी म्हटलं, या.

निघाल्यात. दाराशी पाय धुवायला पाणी काढून ठेवलंय. आधी हात घालून बघितलं.