धाकटा, वय नऊ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पाय तुटले. दादा नाही.

सकाळीच ताईचा फोन. बाबांनी जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. बाबांचं एकच — थोरल्याचा आवाज ऐकवा. ताई म्हणाली, "तू त्याच शहरात आहेस ना? मग?" जसा काही दादा माझ्या उशीखाली लपलाय! घर सोडून गेला तो गेलाच. नंबरही बदलला. चित्रकारांच्या वस्तीत असतो, एवढंच उडत उडत कळलेलं.

म्हणून सुट्टीचा तिकडे गेलो. शहराच्या अगदी पोटात आहे ती वस्ती. जुने बंद पडलेले कारखाने, आत सगळे कलाकार. एका भिंतीवर तीन मजली मासा, त्याच्या डोळ्याच्या जागी कुणाची तरी खरी खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. काचेमागे एक बाई चाकावर मडकं चढवत होती. चढलं की मोडायची, पुन्हा चढवायची. कुणी काही बोलत नव्हतं तिला! आमच्याकडे धुलाईच्या कारखान्यात एक चादर चुरगळली तर मुकादम आईबहीण काढतो. आणि सगळ्यांच्या कपड्यांवर रंगाचे डाग. आम्ही दिवसभर डाग काढतो, हे मिरवतात.

एका दालनात आमच्या धुलाईत आहे तसलाच इस्त्रीचा मोठा रूळ. गंजलेला, वर दिवा सोडलेला. पाटी — हात लावू नये. असल्याच रुळाने भाजलेलं माझं मनगट अजून काळं आहे. मला नका सांगू!

दिसेल त्याला विचारलं. कॉफीवाला म्हणाला, "चित्रं काढतो? इथे कोण काढत नाही ते विचारा."

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम. वाफ. शेजारच्या खाटेवरचा उंट (मान लांब म्हणून उंट) म्हणतो, "भाऊ सापडला तर माझ्यासाठी एक चित्र आण. बाईचं. घोडा वगैरे नको." सगळे हसले. मीही हसलो. मग नळ सोडून मोरीत बसून राहिलो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताई म्हणाली, बाबा आज तिलाही ओळखेनात. पण दादाचं नाव काढलं की डोळे उघडतात.

मी विचारलं, माझं काढून बघितलंस?

"तुझं काय, तू आहेसच की."

बरोबर आहे. सातवीतून शाळा सोडली, कामाला लागलो, आजवर एक महिना घरी पैसे पाठवायचा चुकलो नाही. तरी बाबांच्या तोंडी दादा म्हणजे कलाकार, आणि मी — "हा काय दिवे लावणार!"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सापडला!

सापडला नसता तर बरं.

वस्तीतल्याच एका कारखान्याच्या दारावर दादाच्या नावाची पाटी. प्रदर्शन. धावतच जिना चढलो. पहिलंच चित्र आईचं. पदर दातात धरलेला, अगदी तश्शी. पुढे बाबा, खुर्चीत. मग ताई, केस विंचरताना. शेवटी मी. खाली चिठ्ठी — धाकटा, वय नऊ. पुढचा दात तुटलेला. चित्र चांगलं होतं. तेच तर वाईट.

टेबलामागची मुलगी उठून जवळ आली. "रडा, रडा. इथे सगळेच रडतात. होडी उलटली, एका दुपारी अख्खं घर गेलं. हे एकटेच वाचले. धाकटा भाऊ म्हणे हातातून निसटला."

आई गेली हे खरं. तापाने गेली, अंथरुणात. बाकीचे आम्ही कधी बुडालो? आणि मी? दादाला पोहायला मीच शिकवलं!

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही," म्हणालो. "सहज आलो होतो. बघायला."

खाली उभा राहिलो. संध्याकाळी दादा आला. दाढी, गळ्यात मफलर. मला बघितलं आणि तोंडचं पाणीच पळालं. दंडाला धरून गल्लीत ओढलं.

"तू इथे कसा?"

"पोहत आलो."

भिंतीला टेकला. "ऐकून तर घे. आई गेली हे खरंच आहे ना? मी तेवढंच सांगितलं होतं. पण एका मरणाला इथे कोण विचारतं? कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे? मी गप्प राहिलो. मग बोलता बोलता... झालं."

"बाबा चाललेत, दादा. तुझा आवाज पाहिजे त्यांना. दुसरं काही नको."

"रविवारी प्रदर्शन संपतंय. संपलं की करतो फोन. इथे कुणी ऐकलं, मी फोनवर कुणाला बाबा म्हणतोय, तर संपलो रे मी."

मी माझा फोन पुढे केला. "आत्ता कर. गल्लीत कुणी नाही."

हात मागे घेतले त्याने, चटका बसावा तसे. "रविवारी. तुझी शपथ."

मला मारलं, आणि वर माझीच शपथ!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताईला एवढंच सांगितलं — सापडला, रविवारी बोलेल. ती फोनवरच रडली. बाबांच्या कानात सांगितलं म्हणे. त्यांनी दोन चमचे दूध घेतलं.

माझं मलाच वाईट वाटलं. त्या दुधाचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेलो. भिंतीला नुसते खिळे. ती मुलगी खोकी बांधत होती. दादा काल दुसऱ्या शहरात गेला. कुठे, ते तिला माहीत नाही. तिच्याकडचा नंबरही लागत नाही.

"चित्रं खपली हो बहुतेक. ते लहान मुलाचं तर सगळ्यात आधी. एका जोडप्याने नेलं, जेवणघरात लावायला."

म्हणजे मी आता कुणाच्या तरी जेवणघरात टांगलेला. ते जेवणार, मी बघत बसणार.

खाली पायरीवर बसलो. माणसं येत होती, भिंतींचे फोटो काढत होती. एकाने मला म्हटलं, जरा सरका. सरकलो. वाटलं, खरंच बुडालो असतो तर? निदान बाबांनी माझंही नाव घेतलं असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कामावर असतानाच ताईचा फोन. "आता शेवटचंच दिसतंय. दादा आहे का रे जवळ?"

म्हणालो, आहे. बाबांच्या कानाला लाव.

चादरींच्या ढिगामागे गेलो. आवाज जड केला, दादासारखा. "बाबा, मी थोरला."

बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "धाकटा तिकडेच आहे. त्याला भेट. जेवला का विचार. तोंडाने कधी मागायचा नाही तो. घर त्याने धरलं रे, तू नाही." पुन्हा श्वास. "मी म्हणालो म्हणून त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

"नाही सांगत," म्हणालो.