पाय हलला का?

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

भाऊजी, आधी हेच लिहिलं, कारण शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की तक्रारीच्या पत्रात आधी दिवस आणि वेळ, मग घटना, आणि राग सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. आज गुरुवार, ६ तारीख. मी वयाने आणि नात्याने मोठी, तेव्हा आशीर्वाद लिहायला हवा. तो या वेळी राखून ठेवते. घरात सगळे ठीक असाल. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. उजवा अजून कामाचा आहे, हे पत्र त्याच्याच भरवशावर लिहिते आहे.

तर घटना. वरील दिवशी, वरील वेळी, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून घ्यायला बसले असताना, तुम्ही क्रेनची गाडी घेऊन आलात, शेडचं कुलूप तुमच्याकडच्या किल्लीने उघडलंत आणि तुमच्या दादांची पिकअप उचलून नेलीत. वेळ मला शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडून कळली. ते खिडकीतच बसलेले असतात, आणि घड्याळाच्या बाबतीत त्यांच्यावर माझा विश्वास आहे. "मी म्हटलं, वहिनींना विचारलंत का? तर म्हणाले, घरचीच गाडी आहे," असं त्यांनी सांगितलं. कुणाच्या घरची, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

खिळ्याला चिठ्ठी अडकवलेली होती. "वहिनी, गाडी नेतो. काळजी करू नका." खाली तारीख नाही, सही नाही. तीस वर्षं छापखान्यात मी मुद्रितं तपासली. तारीख नसलेला कागद मी तेव्हाही पुढे जाऊ दिला नाही.

मी तुमच्या घरी फोन केला. तुम्ही "बाहेर" होतात. तुमची बायको, आमची धाकटी, बोलली. म्हणाली, "ताई, तुम्ही रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसता, सगळ्यांना कळतं. यांना बघवेना. नजरेआड झाली की बरं वाटेल तुम्हाला." मी तिला विचारलं, मला बरं वाटण्याचं कंत्राट तुम्हाला कुणी दिलं. ती रडायला लागली. तिची माझ्यातर्फे माफी मागा. ती बिचारी साधी आहे. तुम्ही साधे नाही.

आणि हेही सांगा, मी शेडमध्ये बसून रडत नव्हते. मी काय करत होते ते खाली येईल.

ती गाडी मला कधीच आवडली नाही, हे जगजाहीर आहे. सत्तावीस वर्षांची पिकअप, आठ सिलिंडरचं इंजिन, कारखान्यातूनच पळायला म्हणून बनवलेली. मागे दोन पोती टाकली तरी तिला अपमान वाटायचा. दादांनी आयुष्यभर तिचं इंजिन लाडावून ठेवलं आणि ब्रेक मात्र जुनेच राहिले. "पळायला वाघ, थांबायला म्हैस," असं मी म्हणायचे आणि ते हसायचे. पुढचे ब्रेक बदला, मोठे बसवा, हा धोशा माझाच. सहा वर्षं लावला होता. शेवटी फेब्रुवारीत त्यांनी सेट मागवला. मोठ्या डिस्क, त्यांना चिमट्यासारखे धरणारे मोठे कॅलिपर, आणि जुनी चाकं त्यांना घासली असती म्हणून नवी मोठी चाकं, आऱ्यांमध्ये रुंद फटी असलेली. डबे आले तेव्हा लहान मुलासारखे झाले होते. म्हणाले, "घे, तुझी म्हैस गेली."

म्हणजे ब्रेक माझ्या हट्टाने आले. हे तुम्ही चारचौघांत कधी बोलला नाहीत. त्याबद्दल आभार मानावेत की तेही तुमच्या खात्यात संशयास्पद म्हणून धरावं, हे अजून ठरलेलं नाही.

रविवार, २ मार्च. तुम्ही दोघांनी सकाळी कॅलिपर बसवले. डावं कुठलं, उजवं कुठलं, यावर तुमची बाचाबाची झालेली मी स्वयंपाकघरातून ऐकली. "अरे, त्याच्यावर खूण असेल." "खूणबिण काही नाही, दादा, दोन्ही सारखेच आहेत, बसतंय ना, मग झालं." दुसरं वाक्य तुमचं आहे. माझी स्मरणशक्ती तुम्हाला माहीत आहे.

दुपारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. ते माझं काम होतं, लग्नानंतरच्या पहिल्या स्कूटरपासून आमची पुढे जी काही वाहनं झाली त्या सगळ्यांचं. मी आत बसून पेडल दाबायचं, ते खाली चाकाशी बसून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचे. नळीतून तेल यायचं, त्याबरोबर बुडबुडे. "दाब." "धर." स्क्रू परत आवळला की, "सोड." सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर उघड्या स्क्रूतून हवा उलटी आत ओढली जाते. आणि प्रत्येक चाकाला शेवटी ते एकदा विचारायचे, "पाय हलला का?" हलला असेल तर मी हलला म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. चाळीस वर्षांत त्यांनी मला इतर अनेक गोष्टींवरून बोल लावले, पण या उत्तरावर कधी शंका घेतली नाही.

त्या दिवशी शेवटचं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं होतं. माझा गुडघा दुखत होता. तुम्ही दाराला टेकून उभे होतात. ते म्हणाले, "धर, धर म्हटलं ना," जरा चिडून. आणि तुम्ही हसलात. "दादा, वहिनींचा पाय पण रिटायर झाला वाटतं. उद्यापासून पेडलला वीट बांधू."

आठवतंय? तुम्हाला आठवत नसणार. विनोद करणाऱ्याला विनोद आठवत नाहीत.

इथे मी पत्र बाजूला ठेवून चहा केला. परत बसले आहे.

पुढे बुधवार, ५ मार्च. मधल्या तीन दिवसांत ते दोनदा म्हणाले की पेडल जरा खोल जातंय, दुसऱ्यांदा मारलं की ठीक लागतं. त्यांनी तुम्हाला फोन केला, माझ्यासमोर, स्पीकरवर. तुम्ही म्हणालात, "नवे पॅड आहेत, बसायला वेळ घेतात. उतारावर दोन-चारदा कडक ब्रेक मार, बसतील." ते पाण्याच्या टाकीच्या उतारावर पॅड बसवायला गेले. वळणावर भिंत आहे. गाडीच्या पुढच्या कोपऱ्याला मोठासा पोचा आहे, बाकी काही झालं नाही. दादांच्या छातीला स्टिअरिंग लागलं. एवढंच झालं, आणि तेवढं पुरलं.

तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: "पुढच्या ब्रेकच्या नळ्यांत हवा आढळली, कारण निश्चित सांगता येत नाही." ज्याने ती लिहिली तो माणूस पावणेपाचला आला आणि पाचला गेला.

त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी ते कधी माझ्या तोंडाने कबूल केलं नाही. जो भेटायला आला त्याला मी सांगितलं की ब्रेक भाऊजींनी बसवले होते. फक्त तेवढंच. पुढचं वाक्य ऐकणारा मनात पुरं करायचा. तुमच्या वर्कशॉपमध्ये आता जुनी माणसं गाडी घेऊन येत नाहीत, असं धाकटी बोलता बोलता बोलून गेली. ते माझं काम आहे. छापखान्यात मी शिकलेली एक गोष्ट तिथे वापरली: कुठे थांबायचं हे कळलं की खोटं लिहावं लागत नाही.

जूनमध्ये शेड झाडताना तेलाच्या डागांनी कडक झालेला एक कागद मिळाला. सेटबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक. तुम्ही दोघांनी ते तेल टिपायला खाली अंथरलं होतं. मी ते वाळवलं आणि ओळीन् ओळ वाचलं, सवयीने. तिसऱ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत आहे: डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडेही बसू शकतो. तसा बसला तर हवा काढायचा स्क्रू खालच्या बाजूला येतो. हवा वर राहते, स्क्रू खाली. कितीही वेळा दाबा, हवा निघत नाही, पेडल मऊच राहतं. बसवल्यावर स्क्रू वर आहे याची खात्री करावी.

वाचून मला किती बरं वाटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण मग प्रश्न सोपा झाला. स्क्रू खाली असतील तर दादांना मारलं तुमच्या "बसतंय ना, मग झालं"ने. नव्या चाकांच्या आऱ्यांमधल्या फटी रुंद आहेत. चाक काढावंही लागत नाही. टॉर्च घ्यायचा, गुडघ्यावर बसायचं आणि आत बघायचं. मिनिटभराचं काम.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसते आहे. टॉर्च मांडीवर. पाच महिने. गुडघा दुखतो असं स्वतःला सांगते. एकदाही वाकले नाही, भाऊजी.

आता राहिलेलं लिहिते. तुम्ही हसलात तेव्हा माझा पाय उठला. रागाने उठला की दुखण्याने, ते मलाही सांगता येत नाही. अर्धा सेकंद, फार तर एक. स्क्रू अजून उघडा होता. पायाखाली पेडल वर आलेलं मला कळलं. मग ते म्हणाले, "सोड." आणि नेहमीसारखं विचारलं, "पाय हलला का?"

तुम्ही दारात उभे होतात. हलला म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा हसला असतात.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी स्क्रूला शेवटचा पाव आटा दिला, त्यावर रबराची टोपी बसवली आणि हात पुसले. शंका घेतली नाही.

म्हणून ती गाडी माझ्या नजरेआड करण्याचा तुम्हाला हक्क नाही. ती तुम्ही दयेने नेलीत, की तुम्हालाही आत बघायचं आहे, की आत जे आहे ते उलटं फिरवून ठेवायचं आहे, मला माहीत नाही. तिन्ही तुमच्या स्वभावात बसतं. माझ्याही बसलं असतं.

आता मागणी. गाडी जशी नेलीत तशी, एकही नट न हलवता, परत आणून शेडमध्ये लावा. ते जमणार नसेल तर दोन्ही चाकांच्या आत बघा आणि मला लेखी कळवा: स्क्रू वर आहेत की खाली. एक शब्द पुरे. फोन करू नका, धाकटीला पाठवू नका. फोटोही नको, फोटो कुठल्याही गाडीचा काढता येतो. तुमच्या हाताने, तारीख घालून, सही करून.

खाली असतील तर खाली लिहा. मग मी ते कुणाला दाखवते की नाही, ही काळजी तुम्ही करा. वर असतील तर वर लिहा. मग ज्या ज्या माणसाला मी मार्चपासून अर्धं वाक्य सांगितलं, त्याच्या दारी जाऊन उरलेलं अर्धं मी सांगेन. यादी तयार आहे. म्हातारीवर उपकार म्हणून खालीच लिहून टाकू, असं मनात आणू नका. उपकाराचं अक्षर मला ओळखता येतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर माझ्या हातात हवं. पाच वाजून एक मिनिटाने मी पोस्टमास्तरांना सोबत घेऊन तुमच्या वर्कशॉपच्या दारात असेन, टॉर्चमध्ये नवे सेल घालून, आणि या वेळी मी वाकेन.

तुमच्या दादांची बायको,
तुमची वहिनी