जिना नसलेलं घर

४ मार्च

वन्संना नमस्कार,

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंय, घाबरू नका. घरी कुणाच्या हाती लागणार नाही. सासरहून कायमच्या आलात तेव्हापासूनचा तो गुडघा कसा आहे? शेकता की नुसतं 'बघू' म्हणता?

मी बरी आहे. या परक्या देशात आश्रय मागायला आलेल्या आम्ही चौघी एका खोलीत राहतो. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, तरी खिडकी उघडी की बंद यावरून भांडण रोज व्यवस्थित होतं. डोकेदुखी कमी आहे. मनगट वाकडंच जुळलं, ओले कपडे पिळता येत नाहीत. शेजारच्या खाटेवरची शिंपीणबाई पिळून देते आणि वर बडबडतेही.

इथल्या डॉक्टरबाईंनी मला नीट तपासलं. कागदावर छापलेल्या बाईच्या चित्रावर माझा एकेक व्रण मांडला. चित्र भरत गेलं तशी मला लाजच वाटायला लागली, जणू मीच काही करून ठेवलं होतं.

आता मुद्द्याचं. मला ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, ते वीस तारखेला ठरणार. आणि मनगट मोडलं तेव्हाचा तिकडच्या दवाखान्याचा कागद आडवा येतोय. त्यावर लिहिलंय, 'जिन्यावरून पडली.' वकीलबाईंनी विचारलं, पायऱ्या किती होत्या? मला हसूच फुटलं, वन्सं. मग रडू.

मनगट तुमच्या भावानं पिरगळलं, तुमच्यादेखत. जिन्याचं तुम्ही सांगितलंत आणि मी मान हलवली, म्हणजे खोटं दोघींचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आपण तर तोंडही आपलं आपणच दाबलं.

त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहू नका. त्याच्याच घरात राहता, मला कळतं. एवढंच लिहा, तुमच्या त्या वळणदार अक्षरात: 'आमचं घर बैठं आहे. त्याला जिना नाही.' खाली सही. वीस तारखेच्या आत पोचायला हवं. नाही लिहिलंत तर मला राग येईल. आता खोटं कशाला बोलू?

एक विचारायचं कधीचं राहिलंय. डॉक्टरांनी विचारल्याबरोबर तुम्ही 'जिना' म्हणालात, क्षणभरही न थांबता. तुमच्या गुडघ्याच्या कागदावरही तेच लिहिलंय ना? तुमच्या सासरी तरी जिना होता का?

तुमच्या दोन ओळींची वाट बघणारी,
कधीच न पडलेली
तुमची वहिनी