साखरबाईची धाकली

सरावली, रविवार

प्रिय विजू,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो आणि आई त्यांच्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. आधी फोनच करणार होते. पण फोनवर मी सांगायचं ते सोडून भलतंच बोलत बसते, हे तुला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू वाचलंस की नाही ते बघत फोन उघडत-मिटत बसले असते. म्हणून कागद घेतला. तुझ्या सफाळ्याच्या शिवणाच्या दुकानावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर रूपेशदाजींच्या हाती पडलं असतं. हे आपल्या दोघींतलं आहे.

मी अजून त्याच औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये आहे. किंजल नावाची वापीची मुलगी माझ्याबरोबर काम करते, खोलीही आम्ही दोघींनी मिळून घेतली आहे. ती रोज डाळीत गूळ घालते आणि मी रोज तोंड वाकडं करते. काम मात्र आवडतं मला. तुला हसू येईल, पण मला सर्वात जास्त आवडतो तो तिथला खाडाखोडीचा नियम. रजिस्टरात आकडा चुकला तर खोडायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्यावर एकच रेघ ओढायची, ती अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. नवीन होते तेव्हा मी एक चूक गिरवून गिरवून कागदाला भोक पाडलं होतं. साहेब म्हणाले, "अगं बाई, चूक दिसली तर तुला कोणी खाणार नाही. लपवलीस तर आपण सगळेच घरी बसू." तेव्हापासून माझा जीव जरा शांत झाला आहे. म्हणजे, झाला होता.

मी फेसबुकवर लिहिते ते तुला ठाऊक आहे. आईचं, पाड्याचं, आपल्या होस्टेलचं. वाचणारे मोजकेच, त्यातले निम्मे लॅबमधले. गेल्या वर्षी शेवळांच्या रानभाजीवर लिहिलं होतं. आई मासवणहून डबा घेऊन होस्टेलच्या गेटाशी यायची, आपल्याला चिंचेखाली बसवायची आणि पहिला घास स्वतः खायची. शेवळं नीट शिजली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून जरा वेळ थांबायची, गिळून बघायची आणि मग म्हणायची, "माजा गला बरा हाय. खा आता." तेवढ्या वेळात आपल्या तोंडाला सुटलेलं पाणी, असं सगळं त्यात होतं. लिहिताना मी तीनदा रडले आणि एका शब्दासाठी आईला चार फोन केले.

परवा जेवणाच्या सुट्टीत किंजलने फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "हेमाली, ये तो तेरी मम्मी है ना?" 'पाड्यावरची पोर' नावाचं कुणाचं तरी पान होतं. फोटो नाही, नाव नाही, आणि खाली माझी शेवळं. माझा डबा, माझं गेट, माझ्या आईचा गळा. शेकडो लोकांनी वाचलेलं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? मीच तर हे कुठून उचललं नाही ना! डबा खरंच आपला होता ना, हे मी मनातल्या मनात तपासून पाहिलं. मग राग आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा', आणि त्या पोरीने उत्तर दिलं होतं, 'सांगते हं आईला.' विजू, वाक्यं उचलली ते एक वेळ चाललं असतं. पण आईसुद्धा उचलून नेली? मला जेवण गेलं नाही. किंजलने माझा डबा खाल्ला आणि माझ्या वतीने त्या पोरीला दोन भाषांत शिव्या घातल्या.

त्याच संध्याकाळी एका ऑनलाइन मासिकाच्या संपादकबाईंची मेल आली. तो दुसऱ्या पानावरचा लेख त्यांनी पावसाळी अंकासाठी निवडला होता. कुणीतरी त्यांना कळवलं की असाच लेख हेमालीच्या भिंतीवरही आहे. त्यांनी आम्हा दोघींना एकच प्रश्न विचारला आहे, मूळ लेख कुणाचा? भाषा सभ्य होती, पण अर्थ एवढाच की दोघींपैकी एक चोर आहे. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. परीक्षेत शेजारणीचं पेन खाली पडलं तरी मी बाईंना विचारून उचलायचे. आमच्या घरात अक्षर पहिल्यांदा माझ्यामुळे आलं. आता चोरीचं नावही माझ्यामुळेच येणार, असं वाटलं.

मग लॅबमध्ये करतो तसं केलं. दोन्ही लेख शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहिली. सगळं तेच होतं. फरक दोनच निघाले. मी लिहिलं होतं की खाज मारायला आई शेवळांत काकडाची फळं घालते, तिथे चिंच झाली होती. आणि शेवटाजवळ एक ओळ जास्त होती. 'एकदा शिपायाने विचारलं, साखरबाई, ही कोण तुमची? आई म्हणाली, माझीच हाय. धाकली.'

ही ओळ माझी नव्हती. मी लिहिली नव्हती, मला ती माहीतच नव्हती. मला धाकटी बहीण नाही. गेटाशी आईच्या डब्यावर जेवणाऱ्या मुली दोनच होत्या, आणि त्यातली एक मी. मी तिथे नसताना आई डबा घेऊन आली, असं एकदाच झालं असणार. सातवीत मला कांजण्या आल्या आणि मी घरी होते, तेव्हा. त्या रविवारी आई सकाळीच कुठेतरी गेली होती. मी अंग खाजवत, रुसून पडले होते. मला वाटलं, मनोरच्या बाजाराला गेली. ती तुझ्याकडे आली होती ना गं?

आज सकाळी मासवणला गेले. आई अंगणात शेवळं सोलत बसली होती. मी विचारलं, तू शिपायाला असं म्हणाली होतीस? तिला आठवायलाही वेळ लागला नाही. "मंग काय बोलू? तो बोलला, आपल्याच पोरीला भेटता येल. डबा काय परत घरी आनू?" मग मी तिला सगळं सांगितलं, लेख वाचून दाखवला, तुझा. 'माझी आई' आलं तिथे मी तिच्याकडे पाहिलं, तिचे हात चालूच होते. वाटलं, आता चिडेल. चिडली, पण कशावर, तर चिंचेवर. "काकड नाय मिलत काय सफाल्याला? शेवलांत चिंच घालतात काय कवा! येवढी माज्या हातची खाल्ली न् इजीला काकड म्हाईत नाय?" बराच वेळ चिंचेवरच बोलत राहिली. मी निघाले तेव्हा डबा हातात देताना म्हणाली, "तिची आय गेली तवा इवलीशी होती. दुसऱ्या कोनाला आय बोलंल ती?" आणि लगेच, "तिला सांग, येत जा. लगीन झाल्यावर त्वांड नाय दावलं."

तर विजू, मी कशासाठी लिहिते आहे ते आता सांगते. संपादकबाईंना मी खरं तेच कळवणार आहे. लेख माझा आहे, आणि तो माझा नाही असं तुझ्यासाठीसुद्धा मला म्हणता येणार नाही. प्रयत्न करून पाहिला, हात चालत नाही. पण माझ्याआधी तू कळवावंस असं वाटतं, म्हणून मी दोन-चार दिवस थांबणार आहे. ते पान पुसून टाकू नकोस. वर एक रेघ ओढ, खाली खरं लिही, आणि 'पाड्यावरची पोर' नको, स्वतःच्या नावाने सही कर. कोणी खाणार नाही तुला. खायला आलंच तर किंजल आहे. ती शिपायाची ओळ मात्र तुझीच आहे. मला ती कधीच लिहिता आली नसती, कारण त्या दिवशी मी नव्हते, तू होतीस. त्या चिंचेखाली तू एकटी जेवलीस, आई तुझ्यासमोर पहिला घास खाऊन थांबली, ते सगळं तू लिही. मला वाचायचं आहे. राग गेला असं म्हणत नाही. 'सांगते हं आईला' असं त्या लोकांना म्हणालीस, मग सांगायला आली का नाहीस? येत्या रविवारी ये. शेवळं अजून आहेत, काकडं आईने बाजूला काढून ठेवली आहेत, आणि तू येईपर्यंत ती कुणाला हात लावू देणार नाही.

तुझीच थोरली,
हेमाली